मुलाचे वय आधी पाहा, विमानाचे तिकीट नंतर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशात वाढून आईवडिलांबरोबर महाराष्ट्रात परतणाऱ्या मुलांविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख येतात. 'ना इकडचा ना तिकडचा' हे त्यांचे ठरलेले पालुपद. पुण्यात अशा कुटुंबांना शाळाप्रवेश, कागदपत्रे आणि भाषा यांसाठी मदत करणारे आम्ही काही जण आहोत. कोणी शिक्षक, कोणी समुपदेशक, कोणी कागदपत्रांचे जाणकार. आमचे म्हणणे जरा रोकडे आहे. अशा मुलांचे जे हाल होतात, त्यांतले निम्म्याहून अधिक एखादे काम ठरावीक वयाच्या आत करायचे राहून गेल्यामुळे होतात. सहा, चौदा, सोळा, अठरा, वीस, एकवीस या प्रत्येक वयाला कुठला ना कुठला नियम बांधलेला आहे, आणि वडिलांचा प्रोजेक्ट संपेपर्यंत किंवा बाणेरच्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत तो नियम थांबत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. लिहितो ते अमेरिका आणि महाराष्ट्र या जोडीपुरतेच. आखातात जन्माने नागरिकत्व मिळत नाही, मुलाचा पासपोर्ट भारतीयच राहतो आणि शाळाही पुष्कळदा सीबीएसईचीच असते, त्यामुळे तिथल्या अडचणी निराळ्या.

सुरुवात पासपोर्टापासून. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या मुलाला इथे राहून शिकायचे तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारे कार्ड हवे, आणि ते तिकडून निघण्यापूर्वीच हातात असावे. टुरिस्ट व्हिसावर येऊन 'इथे काढून घेऊ' म्हणणाऱ्यांना फेरा पडतो. त्या व्हिसावर असताना इथून अर्ज घेतला जात नाही. अर्ज अडकतो तो बहुधा आईच्या नावापाशी. अमेरिकी जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव मागतात, तिच्या पासपोर्टवर सासरचे असते, आणि तपासणाऱ्याला दोन वेगळ्या बायका दिसतात. दोन्ही नावे असलेले विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले की प्रश्न मिटतो. ते नसेल तर प्रतिज्ञापत्र करावे लागते, आणि हे सामानाची बांधाबांध सुरू झाल्यावर लक्षात येते.

सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट फक्त ५ वर्षांचा असतो. म्हणजे शाळा संपेपर्यंत तो तीनदा तरी बदलतो. पूर्वी प्रत्येक वेळी ओसीआय कार्डही नवे काढावे लागे. २०२१ पासून नवा पासपोर्ट आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांच्या आत चढवला की पुरते, त्याला शुल्क नाही. कार्ड नव्याने काढायचे ते वयाची २० वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या पासपोर्टावर, एकदाच.

खरी पंचाईत होते ती आई आणि मुले पुण्यात आणि वडील न्यू जर्सीत, अशा अर्ध्या परतलेल्या घरांची. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकी पासपोर्टासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. जो पालक मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत हजर राहू शकत नाही, त्याने डीएस-३०५३ हा फॉर्म नोटरीसमोर सही करून, ओळखपत्राच्या प्रतीसह पाठवायचा. नोटरीच्या तारखेपासून तो ९० दिवसच चालतो. वडिलांनी 'एकदाचे काम होऊन जाऊ दे' म्हणून सहा महिने आधी केलेली सही वाया जाते.

पालक ग्रीन कार्डवर असतील तर गोष्ट आणखी नाजूक. ग्रीन कार्ड असलेले मूल परवानगीशिवाय वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिले तर त्याने तिथला वास सोडला असे धरले जाते. रीएंट्री परमिट मिळते, साधारण दोन वर्षांसाठी, पण त्याचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. विमानात बसल्यावर आठवून उपयोग नाही. उलटही घडते. वडिलांनी वा आईने अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवशी मूल अठरा वर्षांखालचे, ग्रीन कार्डधारक आणि त्यांच्या ताब्यात तिथेच राहणारे असेल, तर २००० च्या कायद्याने तेही आपोआप नागरिक होते. घरात कोणाला पत्ता नसतो आणि मूल पुढची दोन वर्षे भारतीय पासपोर्टावर हिंडते. मग पासपोर्ट परत करताना दंड भरावा लागतो आणि खुलासे लिहीत बसावे लागते.

'अमेरिकेत जन्मला आहे, त्याच्या मुलांचीही सोय झाली' असे आजी-आजोबा फार विश्वासाने सांगतात. तसे नाही. अमेरिकी नागरिकाने परदेशी जोडीदाराशी लग्न केले आणि मूल अमेरिकेबाहेर झाले, तर नागरिकत्व पुढे देण्यासाठी तो स्वतः मूल होण्याआधी एकूण पाच वर्षे अमेरिकेत राहिलेला असावा लागतो, आणि त्यांतली दोन वर्षे वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची असावी लागतात. चौथ्या वर्षी पुण्यात आलेला आणि इथेच स्थायिक झालेला मुलगा आपल्या मुलांना काहीही देऊ शकत नाही. भारताच्या बाजूनेही तशीच गाठ आहे: ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय होते ते आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असेल तरच. दोघेही अमेरिकी पासपोर्टवाले मराठी, आणि बाळंतपण कोल्हापुरात, तर बाळ भारतीय नाही.

आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेल्या ठेवीचेही दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकी नागरिक कुठेही राहो, त्याचे जगभरचे उत्पन्न तिकडच्या करखात्याच्या नजरेत असते. मुलाच्या नावावरच्या भारतीय खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसापुरती जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याची वेगळी माहिती तिकडे द्यावी लागते. मूल लहान असेल तर पालकांनी. बँकेच्या फॉर्मवर 'अमेरिकी नागरिक आहात का' या प्रश्नाला 'नाही' लिहून सुटका होत नाही, पुढे तोच कागद अंगाशी येतो. शेतजमिनीबाबत मात्र उगाच घाबरू नये. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकते.

आता शाळा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, १ सप्टेंबरच्या सुमारास ५ वर्षे पूर्ण लागतात. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण चालतात. यातून एक गंमत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जन्मलेले मूल पुण्यात जून २०२२ ला पहिलीत बसू शकते, तेच अमेरिकेत ऑगस्ट २०२३ ला पहिल्या ग्रेडमध्ये जाते. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या काळात जन्मलेली मुले इथल्या समवयस्कांपेक्षा एक इयत्ता मागे असतात. पालक ते वर्ष 'भरून काढायला' मुलाला एक इयत्ता पुढे ढकलतात. आमचे मत विरुद्ध आहे. नवी लिपी, नवे गणित, नवे हवामान एकाच वेळी अंगावर आलेल्या मुलाला वर्षभर मोठे असण्याचा फायदा मिळतो, तो घालवू नये. शिवाय अनेक सीबीएसई शाळा वयाची तारीख ३१ डिसेंबर धरत नाहीत, तेव्हा शाळेचा नियम विचारूनच हिशेब करावा.

तारखांचा दुसरा घोळ वर्षारंभाचा. अमेरिकी शाळा मेअखेर ते जूनच्या शेवटापर्यंत चालतात, सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाच्या शाळा पुण्याकडे जूनच्या मध्यावर उघडतात. 'तिकडचे वर्ष पूर्ण करूनच निघू' असे ठरवले तर सीबीएसईत दोन महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. खालच्या इयत्तांत त्याने काही बिघडत नाही. सहावीपासून पुढे गणितात बिघडते.

नववी-दहावीत येऊ नका, हे आम्ही स्पष्ट सांगतो. सीबीएसईत नववी आणि दहावी हा जोडअभ्यासक्रम आहे, अकरावी-बारावीचे तसेच. दहावी किंवा बारावीत थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणाने, मंडळाच्या परवानगीनेच होतो. आठवीत आलेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेआधी तीन वर्षे मिळतात, तेवढी पुरतात. उशीर झालाच असेल तर आयबी किंवा आयजीसीएसई हे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, किंवा मग मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग. दहावीसाठी तिथे १४ वर्षे वय लागते. मुक्त विद्यालय म्हटले की लोक नाक मुरडतात, पण प्रमाणपत्र मान्यताप्राप्त आहे आणि विषय निवडायची मोकळीक आहे. अमेरिकेत बारावी करून इथल्या विद्यापीठात येणाऱ्याने भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्र आधी मागवावे.

डॉक्टर-इंजिनिअर करण्यासाठीच परतणाऱ्यांनी ४ मार्च २०२१ ची केंद्राची अधिसूचना जरूर वाचावी. तिच्यानुसार नीट आणि जेईईतून मिळणाऱ्या प्रवेशात ओसीआय मुलांना एनआरआय किंवा अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येबाहेरच्या जादा जागाच मिळतात. केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही अधिसूचना त्या तारखेपासून पुढे लागू होते असे ठरवले, त्यामुळे आधीच कार्ड असलेल्यांचे हक्क राहिले. म्हणजे कार्डावरची तारीखच इथे निकाल देते. एनआरआय जागेचे शुल्क नेहमीच्या कित्येक पट असते. ही गोष्ट अकरावीत कळली तर फार उशीर झालेला असतो.

शाळेच्या कार्यालयात पहिला खटका उडतो तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून. अमेरिकी शाळा असा दाखला देतच नाही. ती प्रगतिपुस्तक आणि फार तर नाव कमी केल्याचा फॉर्म देते. कारकून 'एलसी आणा' म्हणतो, पालक 'आमच्याकडे नसते' म्हणतात आणि दोघेही खरे बोलत असतात. उपाय निघण्यापूर्वी करायचा. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र घ्यावे. त्यात मुलाचे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख, उत्तीर्ण झालेली शेवटची ग्रेड, शिक्षणाचे माध्यम आणि वर्तणूक एवढे यावे. तिथल्या नोटरीकडे नेऊन त्यावर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाचे अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारे अधिकृत साक्षांकन घ्यावे; जन्मदाखल्याच्या प्रमाणित प्रतीवरही. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात असल्याने इथे पुन्हा वकिलातीचा शिक्का लागत नाही. भारतात येऊन हे पोस्टाने करायला गेलात तर महिने जातात.

दुसरा खटका आधारचा. ओसीआय मुलाला आधार मिळते ते अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावरच. भारतीय पासपोर्टवाल्या मुलाला ही अट नाही, ते आल्याआल्या काढू शकते. म्हणजे अमेरिकी पासपोर्टवाल्या मुलाकडे शाळेत नाव घालताना आधार असूच शकत नाही, आणि शाळेचे पोर्टल तर आधार क्रमांक मागते. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे. हे कारकुनाशी भांडायला नव्हे, मुख्याध्यापकांना शांतपणे दाखवायला उपयोगी पडते.

आता भाषेकडे येतो, कारण पालक सर्वांत जास्त चुका तिथेच करतात. अमेरिकेतल्या मराठी शाळा चांगले काम करतात, १९८१ पासूनच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने, म्हणजे तिथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेने, त्यांना अभ्यासक्रमाची घडीही दिली आहे. पण तास मोजून पाहा. आठवड्याला दीड तास आणि वर्षात तीस रविवार भरले तर पंचेचाळीस तास होतात. पुण्यातल्या मुलाला रोजच्या एका तासिकेतच याच्या दुपटीहून जास्त मराठी मिळते, शिवाय घर, रिक्षा, दुकान. त्यामुळे 'आमची मुलगी मराठी शाळेत चौथीला होती' याचा अर्थ ती इथल्या चौथीचे पुस्तक वाचेल असा होत नाही. खात्री करायची साधी रीत आहे. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर फुकट मिळतात. तिसरीचे पुस्तक घ्या, न पाहिलेले एक पान मोठ्याने वाचायला सांगा. पाचाहून जास्त शब्दांवर अडले तर एक इयत्ता खाली उतरा. जिथे अडखळणे थांबते तिथून सुरुवात. अहंकार बाजूला ठेवावा लागतो, मुलाचा नाही, पालकांचा.

लिपी शिकवताना नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अ आ इ ई पासून नेऊ नये. त्याला वाचायचे कसे हे इंग्रजीतून आधीच ठाऊक असते, फक्त आकार नवे. म्हणून एकमेकांसारखे दिसणारे आकार एकत्र घ्यावेत: ग, म, भ, न; मग व, ब, क; मग प, ष, फ; मग ट, ठ, ढ, द. चार अक्षरे झाली की लगेच 'गमन', 'नभ', 'मगन' असे शब्द. रोज वीस मिनिटे दिली तर दोन-तीन महिन्यांत कानामात्रेसकट वाचन सुरू होते. रविवारी सलग दोन तास दिले तर सोमवारपर्यंत निम्मे विसरते. अडायची जागा ठरलेली: पहिली वेलांटी. ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असलेले मूल 'किती' वाचताना गडबडते. दुसरी जागा र. सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या या चारही शब्दांत तो चार वेगळ्या वेषांत येतो, हे एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवले की पुष्कळ रडारड वाचते. आचार्य आणि आचारी यांचा घोळ नंतर घालावा, तो मोठ्यांनाही पुरून उरतो.

बोलण्यातल्या चुका बहुतेक मुलांच्या त्याच त्या असतात. 'मी पोळी खाल्लो', 'आंबाला', 'पाणीत', 'ती पुस्तक कुठे आहे', आणि समोरच्यालाही बरोबर न्यायचे असताना 'आम्ही जाऊया का'. शिक्षकांना 'तू' म्हटले जाते ते उद्धटपणाने नव्हे, तर घरात आईला, आजीला 'तू'च म्हटले जाते म्हणून. 'तुम्ही' वापरायला घराबाहेरचे माणूसच कधी भेटलेले नसते. प्रत्येक वाक्याला अडवून दुरुस्त केले तर मूल बोलणेच बंद करते. 'हो का, पाण्यात पडलं?' असे बरोबर रूप आपल्या उत्तरात घालून पुढे जावे. सर्वांत मोठी चूक याआधीच झालेली असते: आईने मराठीत विचारले, मुलाने इंग्रजीत उत्तर दिले, आणि आई इंग्रजीवर आली. आईने मराठी सोडू नये, एवढेच पथ्य. 'मराठीत बोल' ही आज्ञा आठवडाभरही टिकत नाही.

आजीशी व्हिडिओ कॉल हा फार मोठा आधार, पण 'काय जेवलास' या प्रश्नावर तो संपतो. त्याला काम द्यावे: आजीने गोष्टीचे एक पान वाचायचे, मुलाने पुढचे, किंवा दोघांनी एकाच वेळी थालीपिठाचे पीठ भिजवायचे. पुण्याची वेळ न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. तिकडची शनिवार-रविवारची सकाळ ही इकडची संध्याकाळ. पंधरा मिनिटे, आठवड्यातून तीनदा, हे रविवारच्या तासाभरापेक्षा जास्त देते.

संख्यांचे दुखणे वेगळेच. एकोणतीस, एकोणचाळीस हे अमेरिकेत वाढलेल्या मुलाला उलटे वाटतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली होती. परतलेल्या मुलांपुरती तरी ती पायरी म्हणून उपयोगी आहे. लाख-कोटींचे स्वल्पविराम सहावीच्या आत पक्के करून घ्यावेत.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे. 'इंटरनॅशनल शाळेत घातले की मराठी सुटेल' हा हिशेब तेव्हापासून चुकीचा आहे. एक दिलासा असा की देवनागरी एकदा बसली की हिंदीची लिपी फुकटात मिळते. म्हणून आधी मराठी, मग हिंदी. दोन्ही एकदम सुरू केल्या तर 'नाही' आणि 'नहीं' यांची खिचडी होते. परत अमेरिकेला जाणाऱ्यांनाही मराठीचा कागदोपत्री उपयोग आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत शाळा संपताना द्विभाषिकतेची अधिकृत मोहर मिळते. कॅलिफोर्नियाने ती २०११ च्या कायद्याने सुरू केली. मराठी लिहिण्या-बोलण्याची चाचणीही उपलब्ध आहे.

शाळेतले पहिले सहा महिने पालकांना कल्पना नसलेल्या गोष्टींत जातात. भारतीय बैठकीच्या संडासाची सवय नसल्याने मूल दिवसभर पाणीच पीत नाही, आणि दुपारी डोके दुखते. निघण्यापूर्वी उकिडवे बसण्याचा सराव ही थट्टेची बाब नाही. तीन तास पेनाने सलग लिहायचे, तेही 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' या साच्यात. पेन्सिलने सुटी अक्षरे काढणाऱ्या मुलाचा पेपर अर्धा राहतो आणि त्याला विषयच येत नाही असा समज होतो. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून एक पान लिहून घ्यावे. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहायचे हे शिकवावे लागते. वर्गात प्रश्न विचारणे काही शिक्षकांना आगाऊपणा वाटतो; त्यासाठी वर्गशिक्षिकांना आधी जाऊन भेटावे, तक्रार करायला नव्हे, सांगून ठेवायला. मूल काही आठवडे वर्गात गप्प राहिले तर घाबरू नये, ते ऐकत असते. घरीही गप्प झाले, झोप-जेवण बिघडले, तर समुपदेशकाकडे जावे. अमेरिकी उच्चार जातात म्हणून हळहळणारे पालकही आम्हाला भेटतात. त्यांना आमच्याकडे औषध नाही.

लसीकरणाची नोंद दोन्हीकडची एका वहीत ठेवावी. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, इथे देतात. इथे बीसीजी झालेले मूल पुढे तिकडे शाळेत गेले तर त्वचेवरची क्षयरोग चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी आयजीआरए ही रक्तचाचणी मागावी.

उलट दिशेने, म्हणजे दहाव्या-बाराव्या वर्षी इथून तिकडे जाणाऱ्यांसाठीही थोडे. शाळेत नाव घालताना घरची भाषा कोणती असा फॉर्म येतो. मराठी लिहिले तर मुलाची इंग्रजीची परीक्षा होईल या भीतीने पालक 'इंग्रजी' लिहितात. खरे लिहावे. परीक्षा पास झाली तर प्रश्नच उरत नाही, नापास झाली तर मदत मिळते. खोटे लिहिलेल्याला ती मिळतच नाही. गणिताच्या चाचणीत इथली हुशार मुलेही इंच-फूट, पौंड-औंस आणि इंग्रजी उदाहरणांच्या लांबीवर पडतात आणि साध्या गटात जातात. तिथून वर चढायला वर्षे लागतात, म्हणून जाण्याआधी महिनाभर तेवढाच सराव करावा.

एच-४ वरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या पालकांच्या आधाराने तिथे राहणाऱ्या मुलाचा घात करते ते एकविसावे वर्ष. त्या दिवशी ते पालकांच्या व्हिसाच्या छत्राखालून बाहेर पडते. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांतला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची आहे. २००२ च्या कायद्याने वयातून काही काळ वजा करता येतो, पण तो फक्त मालकाने पालकांच्या ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज प्रलंबित होता तेवढाच. आणि ग्रीन कार्डाच्या रांगेच्या दोन सरकारी तक्त्यांपैकी कोणत्यावर वय गोठवायचे हा नियम ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा कडक झाला. एच-४ मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, उन्हाळ्यातली नोकरी नाही. आणखी एक बारीक गोष्ट: भारतीय मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो आणि विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची मुदत पासपोर्ट संपेपर्यंतच देतो. आईवडिलांची २०२८ पर्यंत, मुलाची २०२६ पर्यंत, आणि कोणी पाहिलेलेच नसते. प्रत्येक प्रवेशानंतर प्रत्येक मुलाची आय-९४ स्वतंत्र उघडून पाहावी.

शिक्षण विभागाला आमची मागणी छोटी आहे. परदेशातून येणाऱ्या मुलांसाठी एकच पानी परिपत्रक काढावे: शाळा सोडल्याच्या दाखल्याऐवजी अपोस्टिल झालेले पत्र चालेल, आधारसाठी सहा महिन्यांची मुभा राहील आणि प्रवेशावेळी जन्मतारखेचा महिना अक्षरांत लिहून घेतला जाईल. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. अमेरिकी दाखल्यावर ०३/०४/२०१५ म्हणजे ४ मार्च, आपल्याकडे ३ एप्रिल. जनरल रजिस्टरमध्ये कारकून ती तारीख अक्षरांत उतरवतो आणि पालक न वाचता सही करतात. हीच तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर येते, पासपोर्टशी जुळत नाही, आणि दहावी झाल्यावर ती बदलायला मंडळाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. तोवर परिपत्रक निघाले नाही तर पालकांनी निदान सही करण्यापूर्वी तो अक्षरी रकाना मोठ्याने वाचून घ्यावा.

कळावे,
परतणाऱ्या कुटुंबांसोबत काम करणारे काही शिक्षक व सल्लागार, पुणे